समुद्राला रोजचा घास

आमच्या बैठकीत एक समुद्र होता आणि त्यात एकही मासा नव्हता. सन सहासष्टच्या पावसाळ्यात अकोल्याच्या जठारपेठेत राहून ही गोष्ट दारात येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगणं म्हणजे डोक्याला ताप होता. लोक यायचे, काचेच्या पेटीपाशी वाकायचे, मागच्या बाजूने जाऊन पाहायचे, आणि मग माझ्याकडे असं बघायचे की जणू मासे मीच तळून खाल्ले. शेजारचे महादेवराव रोज संध्याकाळी कचेरीतून येताना खिडकीत थांबून विचारायचे, पाहुणे आले का. मी म्हणायचे, यायचे आहेत. ते म्हणायचे, मग यजमानांनी एवढं पाणी कशाला भरून ठेवलंय. मी म्हणायचे, ते देवीदासला विचारा, आणि खरं सांगायचं तर देवीदासलाही ते माहीत नव्हतं.

देवीदास म्हणजे माझा नवरा. नवऱ्याचं नाव घ्यायला मला उखाणा लागत नाही. मी शाळेत मास्तरीण होते, नावं पुकारायची सवय होती. तो अकोला स्टेशनवर पार्सल क्लार्क. माणूस टापटिपीचा. त्याच्या ऑफिसात आंब्याच्या पेट्यासुद्धा परेडला उभ्या केल्यासारख्या ओळीत असायच्या. घरी कपाचा कान उजवीकडे नसला तर त्याला चहा गोड लागत नसे. असल्या माणसाला माशांचं वेड कसं लागलं, तर आईमुळे.

त्याची आई चतुराबाई, माझ्या सासूबाई, आमच्या बोलीत आत्याबाई. रेल्वेच्या ट्रेनिंगसाठी देवीदास मुंबईला गेला तेव्हा त्याचा मावसभाऊ पुंजाजी याने त्याला समुद्र दाखवला आणि मग मत्स्यालयही दाखवलं. पुंजाजी तिथेच कामाला होता, टाक्या धुण्याच्या आणि पाणी वाहण्याच्या. देवीदास परत आला तो एकच घोकत, की माय, तुला समुद्र दाखवतो. पास होता, सुट्टी होती, अडचण काहीच नव्हती. पण आत्याबाई आयुष्यात एकदाच आगगाडीत बसल्या होत्या, छपन्नच्या दसऱ्याला, नागपूरला दीक्षेला जाताना. बसल्या कसल्या, अकोल्यापासून नागपूरपर्यंत उभ्याच होत्या. त्यानंतर गाडीचं नाव काढलं की म्हणायच्या, "ज्याच्यासाठी गाडीत चढा लागे, ते काम झालं. आता कायले?" पोरगा रेल्वेत आणि आई गाडीला पाठ फिरवून बसलेली. तेव्हा देवीदासने ठरवलं, आई समुद्राकडे जात नाही ना, मग समुद्रच घरी आणू.

पहिला समुद्र होळीच्या सुमारास आला होता, आणि तो एका दिवसात बुडाला. लोखंडी चौकटीत काचा बसवून, आतून डांबर फासून लोहाराकडून पेटी करून घेतलेली. पुंजाजी नागपूरकडे जाताना वाटेत उतरला आणि एका डब्यात तीन मासे देऊन गेला. पिवळे, अंगावर काळे पट्टे, बोटभर लांब. पण डब्यातलं पाणी पेटीच्या तळालासुद्धा पुरेना. आता खारं पाणी आणायचं कुठून? तेव्हा आत्याबाईच म्हणाल्या, यात विचार कसला, आपल्या गावची विहीर आहे की.

आमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. गावात गोड पाण्याची विहीर एकच होती आणि तिच्यावर आमच्या लोकांचा हात चालत नव्हता. आमच्या वाट्याची विहीर अशी खारट, की तिच्या पाण्यात डाळ शिजत नसे आणि भाजीत मीठ टाकायची गरज पडत नसे. आत्याबाईंनी जन्म त्या पाण्यावर काढला. मुंबईचं पाणी त्यांनी डब्यातून बोटावर घेऊन चाटून पाहिलं आणि म्हणाल्या, हे तर आपलंच. खारं ते खारं. देवीदासलाही ते पटलं. आम्हा सगळ्यांनाच पटलं. या भागात वाढलेल्या कुणालाही पटलं असतं. बैलगाडीवर पिंप घालून गावचं पाणी आलं, पेटी भरली, मासे सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही मासे पाण्यावर आडवे तरंगत होते.

आत्याबाईंनी ते स्वतःच्या हाताने उचलले आणि मागच्या अंगणात पपईखाली पुरले. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. आता यात एक गंमत आहे. आमच्या घरात बोंबील, सुकट व्यवस्थित चालायचं, आणि आत्याबाईंच्या हातची सुकटीची चटणी शेजारपाजारी मागून न्यायचे. मी तसं बोलूनही दाखवलं, कारण माझ्या तोंडाला आवर नाही. त्यावर त्या म्हणाल्या, बाजारातून आणलेली मासोळी वेगळी आणि घरी बोलावलेली वेगळी. बोलावलेला पाहुणा असतो. मग देवीदासला समोर बसवून त्यांनी सांगितलं, "रोज पंचशील म्हनतो अन् जीव आनून मारतो. आनखी एक डाव देते तुले. त्यातबी मेले, त मंग हा काचेचा डबा माह्या डोयापुढून न्यायचा अन् या घरात परत जीव म्हून आनायचा नाई." देवीदास मान खाली घालून हो म्हणाला. पाण्याची युक्ती कोणाची होती हे त्याने तोंडातून काढलं नाही, आणि याबद्दल मला त्याचा फार अभिमान वाटला. त्याला सांगितलं मात्र नाही.

तर आता एकच डाव उरला होता. हरला असता तर पेटी जाणार होती, आणि त्याहून वाईट म्हणजे आईच्या नजरेतून तो उतरणार होता.

या खेपेला देवीदासने काही कमी ठेवलं नाही. राखीपौर्णिमा उलटल्यावर पुंजाजीने समुद्राचं पाणी रवाना केलं. तेजाबाच्या मोठ्या काचेच्या बरण्या धुऊन, गवतात बसवून, पार्सलच्या डब्यातून. सोबत पोत्यात ओली वाळू आणि खडकाचे चार तुकडे. निरोप असा होता, की वाळू, दगड, पाणी घालून ठेव, हवेचे बुडबुडे चालू ठेव, पण मासे आत्ता नाहीत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाताना मी घेऊन येईन, तोवर पाणी राहू दे. एवढंच. का राहू दे, हे पुंजाजीने कळवलं नाही आणि देवीदासने विचारलं नाही. त्याने स्वतःच अर्थ लावला, की पाण्याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

मग काय विचारता. पेटीवर पांढरं फडकं आलं. दोन बरण्या उरल्या होत्या, त्यांच्या तोंडावर त्याने लाख लावून पार्सलसारखं सील ठोकलं आणि त्या पलंगाखाली अंधारात ठेवल्या. बुडबुड्यांसाठी ट्रकची जुनी ट्यूब आणली. तिच्यात सायकलच्या पंपाने हवा भरायची आणि दवाखान्यातल्या सलाईनची नळी लावून ती हवा हळूहळू पाण्यात सोडायची. सकाळी देवीदास, दुपारी आत्याबाई, शाळेतून आल्यावर मी, असे आम्ही पाळीपाळीने पंप मारायचो. महादेवराव एकदा म्हणाले, तुमच्याकडे सायकल नाही आणि पंपाला मात्र उसंत नाही. त्यांना मी पंपच हातात दिला. त्यानंतर ते खिडकीतूनच बोलायला लागले.

आता आत्याबाईंचं सांगते. एक दिवस मी शाळेतून लवकर आले, तर आत्याबाई फडकं उचलून पेटीत काहीतरी टाकत होत्या. भाकरीचा चुरा आणि त्यात चिमूटभर कुटलेली सुकट. मी विचारलं, मासे कुठे आहेत. त्या म्हणाल्या, येतील ना. मी म्हटलं, मग आल्यावर टाका. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की शाळेत शिकवते पण हिला काही समजत नाही. "पाव्हना दारात आल्यावर चूल पेटवतं का कोनी?" एवढं म्हणून त्यांनी फडकं नीट केलं. मला वाटलं, म्हातारीला समुद्राच्या पाण्यात न दिसणारे मासे दिसत असतील. देवीदासला सांगावं असं माझ्या मनातही आलं नाही. त्याच्या त्या शिस्तीचा मला इतका कंटाळा आला होता की घरात कुणीतरी ती मोडतंय याचं मला बरंच वाटलं.

रोज एक घास. न चुकता, स्वतः जेवायच्या आधी.

व्हायचं तेच झालं. पाणी आधी तांदूळ धुतल्यासारखं पांढुरकं झालं आणि मग वास सुटला. आठवडी बाजारात सुकटवालीच्या टोपलीशेजारी बसल्यासारखं वाटायचं. देवीदास वेडापिसा झाला. फडकं बदलून पाहिलं, उदबत्त्या लावल्या, ट्यूब धुतली. समुद्राचं पाणी आपल्या हवेला टिकत नाही, असा त्याने निष्कर्ष काढला. आत्याबाई भाकरी थापत राहिल्या. मी पोरींच्या वह्या तपासत राहिले. काही दिवसांनी वास कमी होत होत गेला, पण तोवर दगडांवर तपकिरी साय धरली. ती जरा हटली तर वर हिरवं शेवाळ आलं. काचेच्या आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके पळायला लागले. देवीदासच्या दृष्टीने हा शेवट होता. कपाचा कान जागेवर लागणाऱ्या माणसाच्या बैठकीत गटार झालं होतं.

दसऱ्याच्या पहाटे आम्ही पांढरे कपडे करून तयार होतो, कारण पुढे विहारात जायचं होतं. देवीदास स्टेशनला निघता निघता पेटीवरचं फडकं ठीक करायला गेला आणि नेमक्या त्याच वेळी आत्याबाई, विहारात जायचं म्हणून त्या दिवशी सकाळीच, हातात घास घेऊन उभ्या. तो चुऱ्याकडे पाहत राहिला. मग पाण्याकडे पाहिलं. सगळं त्याच्या ध्यानात आलं असावं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, पण आवाज न चढवता म्हणाला, "माय, तूच डाव दिला अन् तूच मोडला." आत्याबाईंनी हातातला घास मात्र खाली ठेवला नाही. मग तो माझ्याकडे वळला. ही सगळी घाण काढून पेटी गरम पाण्याने, सोड्याने धुऊन ठेव, पलंगाखालच्या बरण्यांतलं स्वच्छ पाणी भरू, मी मासे घेऊन येतोच. असं म्हणून तो निघून गेला.

मी पदर खोचला, बादली घेतली, आणि पेटीत हात घालणार तोच वाकून पाहिलं. आजवर मी त्या पेटीकडे नीट पाहिलंच नव्हतं, नुसती नाक मुरडत होते. पाण्याला वास नव्हता. म्हणजे होता, पण पावसानंतर नदीकाठी येतो तसा. पाणी इतकं नितळ होतं की मागच्या भिंतीवरचे पोपडे मोजता आले असते. दगडावरच्या शेवाळातून बारीक बुडबुडे सुटत होते आणि ते ठिपके आपल्या कामात असल्यासारखे इकडून तिकडे जात होते. आत्याबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "नांदतं घर हाय बाई ते. फेकू नको." मी बादली परत मोरीत नेऊन ठेवली. नवऱ्याचं न ऐकल्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

स्टेशनवर नागपूरच्या गाडीला मुंगीला शिरायला जागा नव्हती, असं देवीदासने मागून सांगितलं. पुंजाजीने खिडकीतून डबा त्याच्या हातात दिला आणि काहीतरी विचारलं, पण जयघोषात ते ऐकू आलं नाही आणि गाडी हलली. घरी येऊन पाहतो तर पेटी तशीच भरलेली. तो माझ्यावर चांगलाच उखडला. मी म्हटलं, आधी वास तर घ्या. तो म्हणाला, वास घ्यायला वेळ नाही, डब्यातले मासे वर येऊन तोंड उघडायला लागलेत. खरंच आले होते. तसेच पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, तीन. त्याने पलंगाखालून एक बरणी ओढली, लाख फोडली आणि बूच काढलं.

सडक्या अंड्याचा असा भपकारा आला की तो मागे सरकला. दुसरी बरणी फोडली, तीही तशीच. कुणाचा हात न लागलेलं, सील केलेलं, अंधारात जपून ठेवलेलं ते स्वच्छ पाणी कुजून गेलं होतं. देवीदास बूच हातात धरून जमिनीवरच बसला. इतकं हताश मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पेटीतलं पाणी घाण, बरणीतलं त्याहून घाण, आणि डब्यात तीन जीव गुदमरत होते.

आत्याबाईंनी पेटीवरचं फडकं काढून बाजूला टाकलं. "सोड यात. मेले त माह्या माथी. मंग डबा मीच उचलते." देवीदासने आईकडे पाहिलं. त्याने पेटीतलं पाणी पेल्याने थोडंथोडं डब्यात घातलं, जरा थांबला, परत घातलं, आणि मग डबा हळूच पाण्यात तिरका केला. मासे बाहेर आले आणि थेट दगडामागे जाऊन लपले.

त्या दिवशी आम्ही विहारात गेलो, वंदना केली, लोकांना भेटलो, पण चित्त कुणाचंच ठिकाणावर नव्हतं. संध्याकाळी महादेवरावांनी खिडकीतून विचारलं तेव्हा मी पाहुणे आले म्हटलं, आणि ते पाहायला आत आले तर दगडाशिवाय काही दिसेना. ते बिचारे तसेच परत गेले. मागचे तीन मासेही पहिल्या संध्याकाळी असेच लपले होते आणि सकाळी तरंगत होते, हे आम्हा तिघांनाही आठवत होतं. देवीदासने पेटीवर परत फडकं घातलं आणि आम्ही आडवे झालो.

सकाळी उठले तर देवीदास पेटीसमोर बसलेला. फडकं तसंच. म्हणाला, तू काढ. मी म्हटलं, माझी नाही हिंमत. शाळेत चाळीस पोरींना धाकात ठेवणारी मी, मला ते फडकं उचलवेना. तेवढ्यात आत्याबाई स्वयंपाकघरातून आल्या, हातात रोजचा घास. त्यांनी फडकं उचललं, जणू काही विशेष नाही, आणि चुरा पाण्यावर सोडला.

दगडामागून एक पिवळा मासा आला. त्याने वर येऊन कण उचलला आणि वळला. मग दुसरा. तिसरा जरा भित्रा होता, पण सगळ्यांत मोठा तुकडा त्यानेच नेला. देवीदास हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. माझंही तेच झालं. मी उगाच पंप मारायला बसले.

पुंजाजी नागपूरहून परतताना उतरला तेव्हा त्याने पेटी पाहिली आणि देवीदासच्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, खिडकीतून मी हेच विचारत होतो, पाणी पिकवलं का. त्यांच्या मत्स्यालयात नव्या टाकीत आधी नुसतं खाणं टाकतात. ते कुजतं, पाणी विषारी होतं, वास मारतं. मग ते विष खाणारे डोळ्यांना न दिसणारे जीव वाळूत, दगडांवर वाढतात, पाणी निवळतं, आणि त्यानंतर माशांची घाणही तेच खाऊन टाकतात. तसं न करता मासे सोडले तर ते आपल्याच घाणीने मरतात. हे सांगायचं मी विसरलोच, पण तू बरोबर केलंस.

देवीदासने सांगितलं, मी नाही केलं, मायने केलं. मग आईजवळ जाऊन बसला आणि तिचा हात धरून म्हणाला, माय, तुला हे कसं समजलं.

आत्याबाई पेटीकडे पाहत होत्या. "मले काय समजते रे बापा. मी त त्या पयल्या तिघायसाठी टाकून राहिली होती. विहिरीचं मीच सांगतलं होतं ना. आपल्या घरून उपाशी गेले ते." मग जरा थांबून, आम्ही काही बोलायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं, की हे पिंडदान नव्हे, ते आपण सोडलं. उपाशी गेलेल्याला जेवू घालणं कुणी सोडायला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पेटीवरचं फडकं गेलं. स्टेशनवरून आल्यावर हातपाय धुऊन देवीदास आधी भाकरीचा एक घास मोडायचा, चिमूटभर सुकट लावून आईच्या हातात द्यायचा, आणि तिने तो पाण्यात सोडल्यावर मगच आमची पानं वाढली जायची.